मदत हवी: नागपूरच्या महाल भागात रस्त्यावर लागणाऱ्या मारुती इको व्हॅनचा सायलेन्सर चोरीला गेला, आता काचही फोडली

नमस्कार. बडकस चौकाजवळच्या एका बोळीत आमचं घर आहे. बोळीत दुचाकी कशीबशी शिरते, म्हणून आमची चार वर्षांची इको रात्री चिटणीस पार्ककडच्या रस्त्यावर लावावी लागते. घरून ती दिसत नाही, आणि सगळी काळजी तिथूनच सुरू होते.

आमचं जेवणाच्या डब्यांचं काम आहे. हे पहाटे चारला कॉटन मार्केटला भाजीसाठी निघतात. मागच्या महिन्यात अशाच एका पहाटे यांनी गाडी सुरू केली अन् ट्रॅक्टरसारखा आवाज आला. वाकून पाहिलं तर सायलेन्सर नाही, सेन्सरची वायर कापलेली, लोंबत होती. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, त्यांना पाइप नको असतो, आतली माती पाहिजे असते." सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात, त्याला हे लोक माती म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. डबे बंद ठेवता येत नाहीत, त्यामुळे पन्नास हजारांच्या वर खर्च करून लगेच नवा बसवला. विमा कंपनीला कळवायचं सुचलंच नाही.

तीन आठवडेही झाले नसतील, परवा रात्री मागची काच फोडली. आत भाजीचे रिकामे क्रेट होते, त्यांना हातही लावलेला नाही. रांगेतल्या आणखी तीन गाड्यांच्या काचा फुटल्या आहेत, म्हणजे आमच्याशी कोणाचं वैर असण्यातला हा प्रकार नाही. दोन्ही वेळा पोलिसांत तक्रार दिली आहे. गियर लॉक आधीपासून आहे, पण तो गाडी वाचवतो, सायलेन्सर नाही.

विचारायचं असं की, सायलेन्सर वेल्ड करून घ्यावा का? आपल्याकडच्या उन्हात डॅशकॅम (काचेमागे लावायचा कॅमेरा) टिकतो का? आणि विम्यातून आता काही मिळेल का? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे रोज रात्री दोनदा उठून एकटे गाडी पाहून येतात. ते परत येईपर्यंत सासूबाई अन् मी दारात उभ्या असतो. हे थांबवायचं आहे.

गॅरेजवाला:
ताई, आमच्याकडे याच कामासाठी इको येऊन राहिल्या. थेट वेल्ड करू नका. पुढे सायलेन्सर काढायची वेळ आली तर कटर लावावा लागेल. त्यापेक्षा लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा बसवा आणि त्याला कसल्यावर डोकं तुटून जाणारे बोल्ट लावा, ते साध्या पान्यानं खुलत नाहीत. पिंजरा कन्व्हर्टरला टेकू देऊ नका, तो भयंकर तापतो. ऑक्सिजन सेन्सरपर्यंत हात जाईल एवढी जागा ठेवा. पिंजऱ्यासाठी गाडीला कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाही तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो. सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरून घ्या, म्हणजे माल पकडला गेला तर तो कोणाचा हे दाखवता येतं. पिंजरा तुटतच नाही असं नाही. पण दोन-तीन मिनिटांचं काम पंधरा मिनिटांवर गेलं की तेवढा वेळ भर रस्त्यात गाडीखाली पडून राहायला चोर तयार नसतो.

इतवारीकर:
डॅशकॅमचं सांगतो, माझा एक मे महिन्यात फुगून गेला. बाहेर ४५ अंश असतं तेव्हा बंद गाडीच्या काचेमागे त्याहून कितीतरी जास्त होतं, आणि लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. गाडी उभी असताना चालू ठेवायचा तर गाडीच्या बॅटरीला जोडायचं हार्डवायर किट लागेल, व्होल्टेज खाली गेलं की आपोआप बंद होणारं, नाही तर पहाटे चारला गाडी सुरूच व्हायची नाही. तरी गाडीखाली सरकलेला माणूस त्यात दिसत नाही. समोरच्या दुकानाचा कॅमेरा गाडीकडे वळवता येतो का ते विचारा. काच फुटली त्या रात्रीचं फुटेज आजच मागा, डिस्क भरली की डीव्हीआर (कॅमेऱ्याचा रेकॉर्डर) जुनं पुसून त्यावर नवं साठवतो.

विम्याचं थोडंफार कळणारा:
फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा असेल तर काहीच मिळणार नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर चोरी आणि मुद्दाम केलेली मोडतोड दोन्ही बसतात. मात्र दोन घटना म्हणजे दोन क्लेम, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक वेळी सक्तीचे १००० रुपये वजा होतात. काचेवर घसारा नाही. सायलेन्सर धातूचा, म्हणून चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के घसारा लागतो, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असेल तर नाही. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, त्यामुळे नुसत्या काचेसाठी घेण्याआधी हिशोब करा. सायलेन्सरचं काम विमा कंपनीच्या पाहणीआधी झालं आहे, त्यामुळे अवघड आहे. तरी एफआयआर, बिल आणि मेकॅनिकनं काढलेले फोटो असतील तर ते जोडून लेखी कळवा. एक जपा: गाडी खासगी नंबरची असेल तर साध्या खासगी पॉलिसीत धंद्याचा माल वाहणं बसत नाही. नूतनीकरणाच्या वेळी हे स्पष्ट सांगून योग्य पॉलिसी घ्या.

महालातलाच एक काका:
सूनबाई, भाऊला रात्री एकट्यानं जाऊ देऊ नको. गाडीजवळ कोणी दिसलं तरी लांबूनच ११२ लावायचा. ज्या चौघांच्या काचा फुटल्या त्यांनी मिळून ठाण्यात अर्ज द्या, बीट मार्शलची रात्रीची फेरी त्या रस्त्यावरून मागा. चार सह्यांचा अर्ज मागे पडत नाही. आणि आमच्या वाड्याच्या अंगणात एक जागा रिकामी आहे, फाटक रात्री बंद असतं. येऊन पाहून जा.

(मूळ प्रश्न विचारणारी):
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आज संध्याकाळी हे अन् मी वाडा पाहून आलो. फाटकातून इको जेमतेम जाते, आरसे मिटवावे लागतात, पण जाते. आजची रात्र गाडी तिथेच आहे, अन् हे झोपले आहेत. समोरच्या मेडिकलवाल्या दादांनी फुटेज पेन ड्राइव्हवर दिलं, उद्या ते ठाण्यात देणार. अर्जावर तिघांच्या सह्या झाल्या, चौथे गावाला गेलेत. दिवसा डबे पोचवताना गाडी कुठेही उभी राहते, म्हणून पिंजरा करूनच घेतो. गॅरेजवाले दादा, पट्टी किती जाडीची घ्यायची तेवढं सांगाल का? वेल्डिंगवाला परवा सकाळी येतोय.