शालिनी पॅलेसचा फोटो सकाळी काढा
कोल्हापूरचा बंद पडलेला शालिनी पॅलेस 'झपाटलेला' वाटतो, म्हणून तो संध्याकाळीच टिपावा, हे काहींचं मत मला पटत नाही. इमारत रंकाळा तलावाच्या पश्चिम काठावर आहे. संध्याकाळी सूर्य तिच्या मागे जातो आणि उरते नुसती काळी आकृती. भुताच्या गोष्टींना तेवढं पुरतं. पण १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेल्या, १९८७ मध्ये हॉटेल झालेल्या या देखण्या वास्तूवर तो अन्याय आहे. कमानी, घड्याळाचा मनोरा, काहीच दिसत नाही.

सकाळी समोरच्या काठावरून बघा, कोवळं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं. फक्त काळा दगड फ्रेमभर असला की कॅमेरा फोटो उगाच उजळवतो आणि आकाश पांढरंफटक पडतं. एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं ठेवा, दगडाचा खरा रंग मिळेल.