आमचं कासव कुंडीच पाठीवर घेऊन फिरतंय, लपायला काय ठेवू?

बाल्कनीवाला_सिंहगडरोड:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सल्काटा (आफ्रिकेतलं जमिनीवरचं मोठं कासव) आहे, चुलतभाऊ जर्मनीला गेला आणि हे आमच्या गळ्यात पडलं (परिवेश म्हणजे विदेशी प्राण्यांची नोंद करायच्या सरकारी पोर्टलवर नोंद आहे, नाव बदलायचे कागदपण केलेत, त्यावरून सुरू करू नका प्लीज). आलं तेव्हा तळहातावर मावायचं, आता पाठच १८ सेंमी भरते. लपायला मातीची कुंडी उभी कापून आडवी ठेवली होती. परवा रात्री दोनला घर्र घर्र आवाज, मला वाटलं वरचे लोक कपाट सरकवतायत, उठून बघतो तर हे साहेब कुंडीत अर्धे घुसून अडकलेत आणि कुंडीसकट बाल्कनीभर दौरा चाललाय. ऑनलाइन ते दगडासारखे दिसणारे रेडिमेड मिळतात पण महाग आहेत आणि वर्षभरात परत लहानच होणार ना. आई म्हणते बादली पालथी घाल. काय करू?

कोथरूडचा_कासववाला:
बादली नको, कडेने चढायला जाईल आणि उलटं पडेल. आणि कुंडीत जातंय म्हणजे ती त्याला पुरतेय असं नाही हां, यांना पाठीला छप्पर टेकलेलं बरं वाटतं म्हणून मावत नसलं तरी घुसतात. आत गेल्यावर पूर्ण वळून तोंड बाहेर काढता आलं पाहिजे, अरुंद जागेत रिव्हर्स मारायला गेलं की अडकतं. १८ सेंमीच्या पाठीला आतली जागा साधारण ३५ बाय ३०, दार २२ रुंद आणि १५ उंच ठेवा. मी विकत काहीच घेत नाही. विटा आणि वर शहाबादी फरशीचा तुकडा, कासव वाढलं की विटा सरकवायच्या, झालं नवीन घर.

जुनाबाजार_रविवार:
विटा उभ्या लावू नका एवढंच सांगतो. माझ्या मित्राने लावल्या होत्या, सल्काटा म्हणजे बुलडोझर, एक धक्का आणि फरशी खाली, नशीब कासव बाहेर होतं. मी जुन्या बाजारातून फळांचा क्रेट आणतो, पालथा घालून एका बाजूला दार कापतो, कडा पॉलिश पेपरने घासतो. हलका असतो, धुता येतो.

कोथरूडचा_कासववाला:
आडव्याच लावायच्या हो, रुंद बाजूवर, आणि फरशी दोन्हीकडे चार बोटं तरी विटेवर बसली पाहिजे. तुमच्या क्रेटला जाळी असते, त्यात नखं अडकतात त्याचं काय?

जुनाबाजार_रविवार:
आतून जाड प्लास्टिक शीट स्क्रूने बसवली आहे, टोकं बाहेरच्या बाजूला. आधी गोणपाट लावलं होतं, त्याचे दोरे पायाला गुंडाळले गेले, ते मात्र करू नका कोणी.

मीरा_औंध:
विटा की क्रेट यावर भांडण चालू द्या पण आत काय घालताय ते कुणीच सांगितलं नाही 😄 वाढत्या सल्काटाला कोरड्यात ठेवलं की पाठीवर डोंगर डोंगर येतात, पिरॅमिडिंग म्हणतात, आणि एकदा आले की जात नाहीत. त्यांच्याकडे सहाराच्या खाली वाळवंटी भागात असली तरी ही कासवं दिवसाचा बराच वेळ खोल बिळात असतात आणि तिथे ओल असते, म्हणून लपायच्या जागेत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये एवढंच ओलं. मात्र ओल आणि थंडी एकत्र नको, छातीला धरते. डिसेंबरात आपल्याकडे रात्री १० च्या खाली जातं, तेव्हा घरात घ्या आणि सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅट लावूनच वापरा. थर्मोकोलचं घर तर अजिबात नको, चावून गिळतात आणि आतड्यात अडकतं. प्लायही ओलीत फुगतो. आणि बाल्कनीचा हिशोब आत्ताच करा, पूर्ण वाढ झाली की ४०-५० किलो होतं हे.

नवखा_हडपसर:
मध्येच विचारतो, आमच्या शेजाऱ्यांकडे पिवळ्या चांदण्यांचं कासव आहे, त्यालापण हेच चालेल का?

मीरा_औंध:
ते बहुतेक आपलं देशी तारा कासव. ते घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, नोंदणीबिंदणी काही चालत नाही. घर बांधू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करायला सांगा. घाबरून तळ्यात तर मुळीच सोडू नका, जमिनीवरचं कासव आहे, बुडेल.

बाल्कनीवाला_सिंहगडरोड:
अपडेट. विटा-फरशी केली, आडव्या विटा. दोन दिवस ढुंकून बघितलं नाही, वॉशिंग मशीनमागे जाऊन झोपायचा. मग कुंडीतलं जुनं कोकोपीट थोडं नव्यात मिसळलं आणि तोंड भिंतीकडे होतं ते फिरवून मोकळ्या बाजूला केलं, संध्याकाळी स्वतःहून आत. पाठ फरशीला जेमतेम घासते तेवढ्यात त्याला बरं वाटतं बहुतेक. विटेवर मार्करने तारीख लिहून ठेवलीय, पुढच्या वेळी किती सरकवली ते कळेल. अर्ध्या कुंडीचं काय करायचं हे मात्र आई रोज विचारते.