एडवर्ड्सचं प्रवचन ऐकून लोक एवढे का हादरले?

पानंचाळा:
सुरुवातीचं अमेरिकन साहित्य वाचतेय आणि जोनाथन एडवर्ड्स या पाद्र्याच्या १७४१ च्या त्या प्रवचनावर अडकलेय. देवाने तुम्हाला कोळ्यासारखं नरकाच्या आगीवर धरलंय वगैरे. पण प्युरिटन (तिथल्या कडव्या प्रोटेस्टंट) लोकांच्या मते कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं असतं ना, मग घाबरवून उपयोग काय? आणि हाच समाज ३५ वर्षांनी थॉमस पेनचं 'कॉमन सेन्स' (इंग्लंडच्या राजापासून वेगळे व्हा सांगणारी पुस्तिका) डोक्यावर घेतो, हे कसं काय? जाता जाता, सेलमच्या चेटूक खटल्यांत किती बायका जाळल्या?

जुनी_शाई:
ठरलेलं असतं हो, पण आपलं नाव यादीत आहे का ते कुणालाच कळत नाही, सगळी मेख तिथेच आहे. म्हणून ही माणसं जन्मभर स्वतःचं मन तपासत बसायची, डायऱ्या लिहायची, काही खूण दिसते का बघायची. एडवर्ड्सचा रोख होता चर्चमध्ये निवांत बसलेल्यांवर. हेच प्रवचन त्याने आधी नॉर्दम्प्टनला स्वतःच्या चर्चमध्ये दिलं होतं, पण ८ जुलैला एनफिल्डमध्ये लोक इतके रडायला ओरडायला लागले की त्याला मध्येच थांबावं लागलं. आणि शेवट नीट वाचा, तिथे दयेचं दार उघडं आहे, या, आजच या, असं आहे. तो 'आजच' काढला तर नुसती भीती उरते आणि प्रवचन अर्धं होतं.

तळटीप:
सेलममध्ये एकही बाई जाळली नाही!! १६९२ मध्ये १९ जणांना फाशी झाली, त्यात ५ पुरुष. जाइल्स कोरीने आरोपाला उत्तरच दिलं नाही म्हणून त्याला दगडांखाली चिरडलं, आणि काहीजण तुरुंगातच वारले. चेटूक हा इंग्रजी कायद्यात फाशीचा गुन्हा होता, जाळायची पद्धत युरोपात इतरत्र.
त्या खटल्यांची बाजू घेणारा पाद्री कॉटन मॅदरच १७२१ मध्ये बॉस्टनला देवी टोचून घ्या म्हणून लोकांच्या मागे लागला होता. ती पद्धत त्याला ओनेसिमस या त्याच्या आफ्रिकन गुलामाने सांगितली होती. लोक इतके भडकले की मॅदरच्या घरात बॉम्ब टाकला, तो फुटला नाही. आणि एडवर्ड्स १७५८ मध्ये गेला तो देवी टोचून घेतल्यावरच.

रिचमंडकर:
पेनचं म्हणाल तर मला ती उडी एवढी मोठी वाटतच नाही. 'कॉमन सेन्स'मध्ये राजेशाही मोडीत काढताना तो बायबलच पुढे करतो, इस्रायलच्या लोकांनी राजा मागितला आणि देव नाराज झाला ती शमुवेलची गोष्ट. पुढे याच माणसाने बायबलवर सडकून टीका केली, पण १७७६ मध्ये वाचक कोण आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. शिवाय घाई एडवर्ड्सचीच, आत्ताच वेगळे व्हा. व्हर्जिनियाचा नेता पॅट्रिक हेन्री याचं मार्च १७७५ चं भाषणही तसंच, फक्त ते जपून वापरा, कारण आपण वाचतो तो मजकूर विल्यम वर्टने १८१७ मध्ये ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून जुळवलेला आहे. 'स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण' हे हेन्रीचे नेमके शब्द म्हणून परीक्षेत ठोकू नका.

पानंचाळा:
भारी! मग प्युरिटन कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट यात कुठे बसते? ती तर अजिबात धाक घालत नाही.

जुनी_शाई:
ती धाक स्वतःलाच घालते. १६६६ मध्ये तिचं घर जळालं त्यावरची कविता बघा, इथे पेटी होती, इथे टेबल होतं असं आठवत राहते, आणि मग स्वतःलाच दटावते की तुझी संपत्ती वर आहे. दटावणी थोडी उशिराच येते, जीव सगळा त्या टेबलात अडकलेला. एडवर्ड्सच्या आधी हीच वाचा.