फ्लेमिंगोंना अख्खी खाडी आहे, मग सोसायटीमागचं तळं कशाला हवं?

सीवूड्सवाली:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीमागे पाणथळ जागा आहे, थंडीपासून मेपर्यंत फ्लेमिंगो असतात तिथे. यंदा पाणी साचून हिरवंकाळं झालंय, वास मारतो, डास वाढलेत. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, भराव टाकून गार्डन करून घ्या, पक्ष्यांना ठाणे खाडीचं अभयारण्य आहे की एवढं मोठं. मला अजिबात पटत नाहीये पण बोलायला मुद्दा सापडत नाही. कोणी नीट सांगेल का?

ऐरोलीकर:
अभयारण्य आहेच, 2015 ला जाहीर झालं, जवळपास 1690 हेक्टर, 2022 ला रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातलं तिसरं. पण भरती चढताना एकदा खाडीवर उभं राहून बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा सगळे माना खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत असतात, त्यातलं सूक्ष्म शेवाळ हेच छोट्या जातीच्या फ्लेमिंगोचं मुख्य खाणं आणि त्याचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. मग पाणी चढतं, आधी पाय बुडतात, मग पोटाला लागतं, आणि थवाच्या थवा उठतो. जाणार कुठे? तुमच्या तळ्यात, कारण तिथे पाणी उथळ, पाय टेकतात. ओहोटी लागली की परत खाडीत. रोजचं आहे हे. तळं बुजवलं तर भरतीच्या वेळी त्यांनी उभं कुठे राहायचं?

दिवागावचा पोरगा:
ताई, डासांचा दोष तळ्याला देऊ नका, आधी भरतीचं पाणी आत येतंय का ते बघा. आमच्याकडे एका रस्त्याच्या कामात मोरी बुजली आणि दोन वर्षांत तळ्याचं डबकं झालं. पाणी आतबाहेर झालं की बारीक मासे येतात, ते अळ्या खातात. आणि तिवरं, म्हणजे खारफुटी, तोडू देऊ नका कोणाला, त्यांच्या मुळांत बोय, कोळंबी, चिंबोरीची पिल्लं वाढतात, माझे बाबा तिथेच पाग टाकायचे.

नेरूळ_जुना:
पावसाचंही सांगा मीटिंगमध्ये. आपल्या नवी मुंबईचे बरेच नोड, म्हणजे वसाहती, भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, म्हणून तर धारण तलाव बांधलेत. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकदम आला की पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ओहोटीपर्यंत ते कुठेतरी थांबायला हवं. थांबायच्या जागा भरल्यात तर ते तुमच्या पार्किंगमध्येच थांबणार.

सीवूड्सवाली:
खूप आभार, मोरीचं तर डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच बघते. सेक्रेटरींना भरतीच्या वेळी तळ्यावर न्यायचंय, वेळ कशी कळेल?

दिवागावचा पोरगा:
तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तीच भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला. पौर्णिमेला न्या, उधाणाचं पाणी असतं, साडेअकरा-बारापर्यंत भरेल. तासभर आधी जा म्हणजे थवे येताना दिसतील.