कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिन कशासाठी?

घाटवेडा: पुढचं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचं. तरी लोणावळ्यापर्यंत मागे बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावून ढकलावं का लागतं? आणि जादा इंजिन पुढेच का नाही जोडत?

रूळकरी: अश्वशक्तीवर वेग ठरतो. चढावर प्रश्न ओढीचा असतो, आणि ओढ ठरते चाकांवरच्या वजनावर. बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. २४ डबे सुमारे १,२५० टन धरा, इंजिन १२३ टन. १,३७३ भागिले ३७, म्हणजे नुसत्या चढासाठी ३७ टन ओढ. घर्षण आणि वळणांचे आणखी चार-पाच टन. डब्ल्यूएपी-७ची सुरुवातीची जास्तीत जास्त ओढ ३३ टन, तीही रूळ कोरडा असेल तर. पावसात चाकं जागीच फिरतात, म्हणून रुळावर वाळू सोडतात. मोटर कितीही दांडगी बसवा, पकड तेवढीच राहणार.

सांधेवाला: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कपलिंगमध्ये, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यात, आहे. सगळी इंजिनं पुढे लावली तर ४०-५० टनांचा ताण पहिल्याच कपलिंगवर येतो. ते तुटलं आणि ब्रेकही धरले नाहीत तर अख्खी गाडी उताराला लागते. मागून ढकललं की ताण वाटला जातो, शिवाय सुटलेले डबे अडवायला मागे इंजिन असतंच. पण बेतानं ढकलायचं. तीव्र वळणावर जोर जास्त झाला तर हलका डबा रुळावरून उचलला जाऊ शकतो. म्हणून दोन्ही लोको पायलट वॉकी-टॉकीवर बोलत राहतात. बँकर जोडल्यावर ब्रेक पाइप जोडून हवेचा दाब शेवटपर्यंत पोचतोय का, हे तपासल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.

घाटवेडा: मग उतरताना?

रूळकरी: खरी कसोटी तीच, चढताना फार तर गाडी अडकेल. उतारावर मुख्य काम इंजिनाच्या मोटरांचं: त्याच जनित्र होऊन वेग धरून ठेवतात. नुसत्या हवेच्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेकचे ब्लॉक तापून पकड सैल होते. पुन्हापुन्हा ब्रेक लावून सोडला तर डब्यांच्या टाक्यांतली हवा संपते, आणि त्या भरायला वेळ लागतो.

सांधेवाला: कॅच सायडिंग, म्हणजे बेकाबू गाडी अडवायचा फाटा, राहिलंच. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, मग मुख्य मार्गाचा सांधा (रूळ बदलणारी जोडणी) लागतो. तोवर सांधा चढावर संपणाऱ्या त्या फाट्याकडेच असतो. ब्रेक गेलेली गाडी तिकडे वळून चढावर थकते. प्रवासी घाटातल्या त्या थांब्याला ‘सिग्नल मिळेना’ म्हणून शिव्या घालतात.