‘एन्फोर्सर’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आइस हॉकीवर लेख लिहिते आहे. कॅनडातल्या मिसिसागात येऊन चौदा वर्षं झाली, मुलगा रिंकवरच, म्हणजे बर्फाच्या मैदानावरच वाढला, त्यामुळे या खेळाची बोली घरात रुळली आहे. पक (खेळायची चकती), गोली (गोलरक्षक), डिफेन्समन (बचावपटू) हे शब्द तसेच ठेवले. गाडी अडली ती ‘एन्फोर्सर’पाशी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७०च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक हॉकी लीगच्या, बहुतेक संघांत असा एक माणूस ठरलेला असायचा. त्याच्याकडून गोलची अपेक्षा नसायची. आपल्या संघातल्या कसबी खेळाडूला समोरच्यानं आडदांडपणे ठोकलं, की हा बर्फावर उतरायचा, हातमोजे टाकायचा आणि नुसत्या मुठींनी भिडायचा. पंच लगेच मध्ये पडत नाहीत. दोघं दमले किंवा एक जण खाली गेला की सोडवतात, आणि दोघांनाही पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षेच्या बाकावर, बसवतात.

कोशात ‘अंमलबजावणी करणारा’ एवढंच सापडतं. ते वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे हा माणूस उभा राहणार नाही. ‘गुंड’ लिहायला हात धजत नाही. सुचवा.

प्रतिसाद

मी वर्तमानपत्रात भाषांतरं करतो. ईडीला आम्ही ‘सक्तवसुली संचालनालय’ लिहितो, म्हणजे एन्फोर्समेंटला ‘सक्तवसुली’ हा शब्द मराठीत चांगलाच रुजला आहे. पण तो वाचला की दारात नोटीस घेऊन आलेला माणूस दिसतो. खेळाच्या मैदानावर तो नको. सरळ ‘अंगरक्षक’ का नाही?

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

अंगरक्षकाचा विचार केला होता. हॉकीतला सर्वांत नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झ्की, त्याचं उदाहरण घ्या. एडमंटनच्या संघात त्याच्या दिमतीला डेव्ह सेमेन्को होता, नंतर मार्टी मॅकसॉर्ली. १९८८मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसच्या संघात गेला, तेव्हा त्याच व्यवहारात मॅकसॉर्लीही सोबत गेला. इथवर अंगरक्षक शब्द चपखल वाटतो.

पण अंगरक्षक वार होण्याआधी मध्ये येतो, तो वार स्वतःच्या अंगावर घेतो. एन्फोर्सर येतो वार होऊन गेल्यावर. ग्रेट्झ्कीला धक्का बसायचा तो बसलेलाच असतो. ‘याला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे’ हे समोरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असणं, हे त्याचं खरं काम. मारामारी न होता सामना पार पडला तरी तो कामावर होताच. हा जो वचक आहे, तो ‘अंगरक्षक’मध्ये येत नाही.

प्रतिसाद

कॅल्गरीत पंचवीस वर्षं हा खेळ बघतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इंग्रजीत या माणसासाठी एकच शब्द नाही, बरेच आहेत, आणि प्रत्येकाचं वजन निराळं आहे. ‘गून’ म्हणजे ज्याला खेळता येत नाही, फक्त मारता येतं. ही शिवीच. त्याला गुंड म्हणा, माझी हरकत नाही. ‘एन्फोर्सर’मध्ये मान आहे. खेळाडू आपसात बहुधा ‘टफ गाय’ म्हणतात.

तिसरा एक प्रकार आहे त्याची गल्लत करू नका. काडी लावायची, समोरच्याला चिडवायचं, त्याच्याकडून चूक करवून घ्यायची आणि आपण अंग काढून घ्यायचं, असे खेळाडू असतात. इंग्रजीत ‘एजिटेटर’ किंवा ‘पेस्ट’. त्यांच्यासाठी मराठीत ‘कळलाव्या’ हा शब्द तयारच आहे, आणि तो इंग्रजीपेक्षा सरस आहे. एन्फोर्सरचं भांडण बहुतेक वेळा कळलाव्याच्या कृत्याबद्दल असतं, कळलाव्या मात्र हातमोजे टाकत नाही.

नियमाचा मुद्दाही लेखात घ्या. १९९२पासून मारामारी सुरू करणाऱ्याला वेगळी जादा शिक्षा आहे, तिला ‘इन्स्टिगेटर’ म्हणतात. त्याला ‘कुरापत काढणारा’ म्हटलं की झालं. गंमत बघा, ज्यानं आधी खोडी काढली तो या नियमात कुरापतखोर ठरत नाही. त्याला जाब विचारायला जो गेला तो ठरतो. म्हणून जुने खेळाडू या नियमावर अजून चिडून बोलतात.

प्रतिसाद

‘जाब विचारायला गेला’ असं तुम्ही सहज लिहून गेलात, मला तिथेच उत्तर दिसतंय. जाब विचारणारा. वार झाल्यानंतरचं काम, संघाच्या वतीनं केलेलं, आणि वचकही त्यात आला. ‘आपल्याला जाब द्यावा लागेल’ ही भीती आधीपासून असतेच की.

दुसरं, मी कोल्हापूरचा. हातमोजे टाकण्याला ‘शड्डू ठोकणं’ वापरा. आव्हान देण्याची खूण, आणि ती झाली की माघार नाही. माणसालाही ‘पैलवान’ म्हणता येईल.

प्रतिसाद (कॅल्गरी)

‘जाब’ मान्य, मनापासून. शड्डूही त्या एका क्षणासाठी चालेल. पण त्या माणसाला पैलवान म्हणू नका, कारण पैलवान कुस्तीसाठीच तालमीत जातो. यातला जवळजवळ प्रत्येक जण लहानपणी हॉकी खेळायला आला होता.

डेरेक बूगार्ड या एन्फोर्सरचं बघा. सस्कॅचवानमधला मुलगा, उंची सहा फूट सात इंच. शाळकरी वयातच प्रशिक्षकांना त्याच्या अंगापिंडात त्याचा उपयोग दिसला. २००१मध्ये संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत (ड्राफ्ट) मिनेसोटाच्या संघानं त्याला २०२व्या क्रमांकावर घेतलं. एनएचएलमध्ये २७७ सामने, गोल तीन, आणि शिक्षेची मिनिटं ५८९. म्हणजे जवळपास दहा तास पेनल्टी बॉक्समध्ये. २०१०मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनं त्याला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर देऊन घेतलं, ते काही गोलसाठी नव्हे. त्याच डिसेंबरात ऑटवाच्या खेळाडूशी झालेल्या मारामारीत डोक्याला मार बसला, आणि तो पुन्हा सामना खेळला नाही. मे २०११मध्ये दारू आणि ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या मिश्रणानं गेला. वय २८. मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवारच्या माराने होणारा ऱ्हास, सीटीई, त्यात आढळला. दुसरा एन्फोर्सर बॉब प्रोबर्ट त्याच्या आदल्या वर्षी ४५व्या वर्षी हृदयविकारानं गेला होता, त्याच्याही मेंदूत तेच. आणि हा प्रोबर्ट असा, की १९८७-८८च्या मोसमात ३९८ मिनिटांची शिक्षा भोगून त्यानं २९ गोलही केले होते. त्याला कुठल्या तोंडानं गुंड म्हणायचं?

बूगार्डला प्रेक्षक ‘बूगीमन’ म्हणायचे. नावावरून पडलेलं टोपणनाव. आपल्याकडे तो बागुलबुवा.

प्रतिसाद

बागुलबुवा म्हणजे मुळात नसलेला. आई मुलाला ज्याचं नुसतं नाव सांगते तो. त्याला ठोसा लागत नाही, त्याचे हात सुजत नाहीत, रात्री झोप येत नाही म्हणून तो गोळ्या घेत नाही. टोपणनाव म्हणून द्या, पण पुढच्याच ओळीत त्याचं वय लिहा, ही विनंती.

आणखी एक शब्द मांडून ठेवते. ‘पाठीराखा’. बहिणीचा भाऊ पाठीराखा असतो, भक्ताचा विठोबा पाठीराखा असतो. हल्ली समर्थक या अर्थानं राजकारणात वापरून तो पातळ झालाय, पण मूळ अर्थ पाठ राखणारा. संघातले लोक या माणसाकडे त्याच नजरेनं बघत असणार.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे आभार. दोन्ही शब्द घेते, पण वेगवेगळ्या जागी. समोरच्या संघाच्या बाजूनं बोलताना ‘जाब विचारणारा’, त्याच्या स्वतःच्या संघाच्या बाजूनं ‘पाठीराखा’. पहिल्या उल्लेखाला ‘एन्फोर्सर’ तसाच ठेवते, कारण इथल्या मुलांना तोच कळेल. क्वेबेकच्या ज्युनियर लीगनं २०२३मध्ये मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली, तिथे लेख संपतो.

बूगार्डचा परिच्छेद असा झालाय, नजर टाका:

‘प्रेक्षकांचा बागुलबुवा गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. सहा मोसम तो दुसऱ्यांना लागलेल्या धक्क्यांचा जाब विचारत राहिला.’

प्रतिसाद (कॅल्गरी)

‘लागलेल्या’च्या जागी ‘बसलेल्या’ करा. धक्का बसतो. बाकी एक अक्षर बदलू नका.