विषय: सानिकाची अख्खी टर्म रेसिडेन्शियल - पाठवावं का?

नमस्कार मंडळी,
आमच्या सानिकाचं (इयर नाइन) स्कूल फॉर स्टुडंट लीडरशिपला, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या एका टर्मच्या निवासी शाळेला, सिलेक्शन झालंय, टर्म थ्री (जुलै ते सप्टेंबर, आपला इथला हिवाळा), डोंगरातल्या डिनर प्लेन गावचा अल्पाइन कॅम्पस. ती नुसती उड्या मारतेय आणि मला दोन रात्री झोप नाही. अख्खी टर्म घराबाहेर, जवळ मोबाईल नाही, ऐन थंडीत बर्फात, त्यात आम्ही शाकाहारी आणि तिला सायनसचा त्रास. मॅथ्स मागे पडेल ती काळजी वेगळीच. आणि टर्म थ्री म्हणजे गणपतीत ती घरी नसणार, जन्मल्यापासून पहिल्यांदाच. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला कुठे पाठवतेस. कुणाची मुलं जाऊन आली असतील तर प्लीज लिहा, शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय.
मेघना

---

अगं मेघना, आधी सानिकाचं अभिनंदन!
आमचा ओंकार तीन वर्षांपूर्वी मार्लोच्या कॅम्पसला होता, स्नोई रिव्हर समुद्राला मिळते तिथे. जिलाँग ग्रामर शाळेच्या टिंबरटॉप कॅम्पससारखं डोंगरातलं वर्षभराचं शिक्षण 1953 पासून आहे पण ते खासगी शाळेचं, फी आपल्या आवाक्याबाहेरची. ही सरकारी शाळा, 2000 साली डिनर प्लेनलाच सुरू झाली. एका कॅम्पसवर साधारण 45 मुलं, प्रत्येक शाळेतून मोजकीच, त्यामुळे रोजचा ग्रुप सुटतो आणि अनोळखी पोरांबरोबर तंबू लावा, स्वयंपाक करा, भांडा, परत त्याच तंबूत झोपा.

खरं सांगते, तिसऱ्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, मला घरी यायचंय. मी गाडीची किल्ली हातात घेतली होती, ह्यांनी थांबवलं. पुढच्या पत्रात एकच प्रश्न, "आई, भाताला पाणी किती घालतेस?" हाइकवर स्पिरिटच्या स्टोव्हवर तीन पोरांनी दोनदा कच्चा भात खाल्ला होता. मी कागदावर माझं बोट ठेवून पेन फिरवलं, पहिल्या पेरावर रेघ मारली आणि लिहिलं, तांदळाच्या वर एवढं पाणी. तो कागद परत आला तेव्हा धुराने पिवळा पडलेला, मी अजून ठेवलाय. घरी ताटावरून उठून जाणारा मुलगा गं हा.

आता कामाचं. नुसतं व्हेजिटेरियन लिहू नकोस, अंडं जिलेटिन चालत नाही हे स्पष्ट लिही आणि फोन करून बोल. सायनसची औषधं मेडिकल फॉर्मवर डोससकट. आतून घालायला सुती काही देऊ नकोस, ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडतं, लोकरीचे थर्मल दे. मॅथ्स महिन्याभरात भरून निघालं. आणि तिथे ठरवलेला कम्युनिटी प्रोजेक्ट इथे परत आल्यावर पूर्ण करायचा असतो, तेव्हा खरी मदत लागते, तेव्हा आम्ही आहोत.
वैशालीताई

---

मेघनावहिनी, आमच्या रियाचे थर्मल आणि स्कीचे ग्लोव्ह्ज नुसते पडून आहेत, शनिवारी मराठी शाळेत आणतो. आणि गणपतीचं म्हणाल तर आधी पोस्टाने आरत्यांची छोटी वही पाठवा, रियाने तिकडे सगळ्या मुलांना टाळ्यांवर "सुखकर्ता" शिकवलं होतं.
संदीप

---

ताई, संदीपभाऊ, खूप खूप आभार. वैशालीताईंची मेल सासूबाईंना वाचून दाखवली, त्या काही बोलल्या नाहीत पण आत जाऊन आरत्यांची वही शोधायला लागल्या. फॉर्मवर सही केली. कुकर उचलून वरच्या फळीवर ठेवून दिलाय, आज रात्रीचा भात सानिका करतेय.
मेघना